इंजिनाला शेंदूर

अकोल्याच्या स्टेशनापलीकडे कापूस दाबायचा जो वाफेचा प्रेस होता, तिथं शालिकरामजी तीस वर्षं इंजिनावर होते. या तीस वर्षांत दसऱ्याच्या दिवशी त्यांनी एकालाही आपट्याचं पान दिलं नाही. माणूस हाताचा आखडता होता असं नव्हे. त्या दिवशी त्यांचे दोन्ही हात गुंतलेले असत. एका हातात ओलं फडकं, दुसरा हात वाफेच्या दांड्यावर. सोनं द्यायला आलेल्यानं पान त्यांच्या पागोट्यात खोचावं आणि निघावं, असा रिवाजच पडून गेला होता. नव्या माणसाला हे विचित्र वाटे. जुनी माणसं गालात हसत आणि म्हणत, ‘पहिल्या दसऱ्याचा गडी हाये तो, राहू दे.’

त्या पहिल्या दसऱ्याच्या वेळी ते शालिकरामजी नव्हते. नुसता शाल्या होता.

शाल्या जातीचा माळी. अमरावतीच्या वेशीबाहेर त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेकडेनं झेंडू. घरात दोघे भाऊ, थोरला पुंजाराम आणि धाकटा हा. विहीर एक आणि मोट एक. तांबडं फुटायच्या आधी उठून ती मोट हाकायची, आणि ती पाळी कायम शाल्याची. पाळी ठरवली पुंजारामनं, आणि ठरवताना धाकट्याला विचारलं नाही. शाल्या बारा वर्षांचा होता तेव्हापासून बैलांच्या मागं विहिरीच्या उतरणीवरून, म्हणजे धावेवरून, खाली आणि बैलांच्या तोंडासमोर पुन्हा वर, असं त्याचं आयुष्य चाललं होतं. उजाडल्यावर पुंजाराम डोळे चोळत यायचा, वाफ्यांकडे पाहायचा आणि म्हणायचा, “कोपऱ्यातली मेथी कोरडी कशी रायली बे?”

तिकडे अमेरिकेत भाऊ भाऊ लढले म्हणून इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. पुंजारामनंही कापसाच्या बाजारात येणाऱ्या गाडीवानांना वांगी विकून चार दिवस ऐट केली, पण पहाटेची मोट काही शाल्याच्या हातून सुटली नाही. मग अमेरिकेतल्या भावांनी लढाई मिटवली. अमरावतीतल्या भावांची मिटली नाही. कापसाचा भाव उतरला, पण तोवर रेल्वे येऊन पोचली होती, आणि रेल्वेच्या पाठोपाठ अकोल्यात कापसाच्या गाठी दाबायचं इंजिन. त्या वर्षी पोळ्यानंतर दवंडी पिटली गेली, की इंजिनावर माणूस पाहिजे.

शाल्यानं भाजीबाजारात भर गिऱ्हाइकांत जाहीर केलं, “मी चाललो इंजिनावर.”

पुंजारामनं तराजू खाली ठेवला. “तुले मोटेचा बैल वळत नाई. इंजिन वळवनार?”

“इंजिनाले पहाटे उठावं लागत नाई.”

“जा. परत आला का पहाटेची पाळी मरेस्तोवर तुही. मंग त्याच्यावर एक शबूद बोलायचा नाई.”

“नाई बोलत,” शाल्या म्हणाला. आणि आता सगळा बाजार साक्षीला असल्यामुळं त्याला खरोखरच जावं लागलं.

प्रेसच्या ओसरीवर अकरा जण आधीच बसले होते. एक लोहार होता. एक पहिलवान होता, त्याला कुणीतरी सांगितलं होतं की इंजिनाला जोर लागतो. एक जण रेल्वेत बसून दोनदा भुसावळला जाऊन आला होता आणि तेवढ्या भांडवलावर तो बाकीच्यांना समजावून सांगत होता. समोर गादीवर अंतोबा कारकून बसले होते. ते पुण्याकडचे. वऱ्हाडी बोलणं कानावर आलं की त्यांच्या कपाळाला एक आठी पडे, आणि अकोल्यात आल्यापासून ती मोडली नव्हती.

“इंजिन चालवण्याचा अनुभव?” अंतोबांनी विचारलं.

“नाई,” शाल्या म्हणाला.

“अनुभवी मनुष्य पाहिजे, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.”

“पंत, वऱ्हाडात असे प्रेस किती हायेत?”

“आमच्या माहितीत हा पहिलाच.”

“अन् हे इंजिन कधी आलं?”

“झाले असतील पंधरा दिवस.”

“मंग अनुभव कोनाले असन?”

अंतोबांनी वही वर केली, वहीच्या आड काही वेळ काढला आणि ती खाली ठेवली. “ते ठरवणं आमच्याकडे नाही. शिफारसपत्र आणलं आहे?”

“कोनाचं?”

“यापूर्वी ज्यांच्याकडे कामास होता, त्यांचं.”

“भावाकडं व्हतो.”

“मग भावाचं आणा.”

शाल्यानं कपाळाला हात लावला. अंतोबांना ते नमस्कारासारखं दिसलं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं.

भावाचं पत्र मिळणार नव्हतंच. म्हणून शाल्या अमरावतीला जाऊन पाटलाचं पत्र घेऊन आला. अंतोबा म्हणाले, हे पाटलाचं आहे, भावाचं नव्हे. तो परत गेला आणि पाटलाकडून असं लिहून आणलं, की याचा भाऊ पत्र देणार नाही, सबब मी देत आहे. अंतोबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, मजकूर ठीक आहे, पण तारीख नाही. शाल्या त्यांच्या ओसरीवर खाली बसला. म्हणाला, “पंत, आता मी उठत नाई. तारीख तुमी टाका, नाईतर मले पोलिसात द्या. पन मी रेल्वेत बसत नाई.”

हे सगळं इंजिनाचा साहेब खिडकीतून पाहत होता. त्याला मराठी चार शब्दांपुरतं कळे, पण तिसऱ्यांदा आलेला माणूस ओळखायला भाषा लागत नाही. तो बाहेर आला. अंतोबांची वही बंद केली. तोवर कंटाळून बाकीचे पांगले होते आणि लोहार, पहिलवान आणि शाल्या एवढे तिघेच उरले होते. त्या तिघांना त्यानं बॉयलरपुढं नेऊन बसवलं.

बॉयलर म्हणजे लोखंडाचं भलंमोठं आडवं पिंप. पोटाखाली जाळ, पोटात पाणी, त्या पाण्याची वाफ इंजिन ओढणार. पिंपाच्या तोंडाशी काचेची एक उभी नळी होती. आत जेवढं पाणी, तेवढंच त्या नळीत दिसे. साहेबानं नळीवर खाली एक आणि वर एक असे दोन दोरे बांधले आणि अंतोबांकरवी सांगितलं, “पाणी या दोन दोऱ्यांच्या मध्ये राहिलं पाहिजे. खाली गेलं तर पंपाची चावी फिरवावी, वर गेलं तर बंद करावी. साहेब जेवून येतात.”

साहेब जेवायला गेला तो दिवस कलेपर्यंत आलाच नाही.

पहिलवानानं पहिल्या घटकेतच चावी अशी आवळली की ती सोडवायला लोहार लागला. लोहारानं ती सोडवली आणि हे लोखंड आपण कसं ओतलं असतं ते सांगायला घेतलं. मग पहिलवानाला तंबाखूची आठवण झाली आणि लोहाराला ऐकणारा पाहिजे होता, म्हणून दोघेही बाहेर पडले. शाल्या एकटा काचेपुढं बसून राहिला. चावी जरा इकडे, जरा तिकडे. मोट चालू असताना पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवणाऱ्यानं जसं बसावं, तसा तो बसला होता, आणि मनातल्या मनात साहेबाला, अंतोबांना, पाटलाला आणि पुंजारामला क्रमाक्रमानं शिव्या देत होता. तेवढ्यानं वेळ बरा गेला.

साहेब आला तेव्हा पाणी दोन दोऱ्यांच्या मधोमध होतं.

“तू का उठला नाहीस, असं साहेब विचारतात,” अंतोबा म्हणाले.

“पानी कोनाच्या भरवशावर टाकून उठू?” शाल्या वैतागून म्हणाला. “एक डाव नजर हलली का वाफा फुटते अन् मेथी जाते.”

अंतोबांनी यातली मेथी साहेबाला कशी सांगितली कोण जाणे. पण साहेबानं मान डोलावली. शाल्याला उमेदवारीवर घेतलं. दसऱ्याला पहिली गाठ दाबायची होती. तो दिवस नीट पार पडला तर नोकरी पक्की.

मग साहेबानं त्याला तीन गोष्टी शिकवल्या. पहिली, काचेतलं पाणी. दुसरी, पितळी तबकडीवरचा काटा. वाफेचा जोर वाढला की काटा चढतो, आणि तबकडीवरच्या लाल रेघेपलीकडे तो कधी जाऊ द्यायचा नाही. तिसरी, बॉयलरच्या डोक्यावरचा लोखंडी दांडा. त्याच्या टोकाला वजन टांगलेलं होतं. काटा लाल रेघेला पोचला की वाफ तो दांडा आपोआप उचलते आणि जास्तीची वाफ फुसकन बाहेर पडते.

“यांपैकी एक जरी खूण चुकली,” अंतोबांनी सांगितलं, “तर चुलीतली आग बाहेर ओढून टाकावी. कुणास विचारत बसू नये. नाहीतर हे पिंप फुटेल आणि अर्धं अकोलं जाईल. परंतु उगाच आग ओढली, तर त्याच दिवशी घरी.”

“अन् उगाच का खरं, हे कोन ठरवनार?”

“ते आमच्याकडे नाही,” अंतोबा म्हणाले.

शाल्यानं बायकोला अकोल्याला आणलं. शकुननं भाड्याच्या खोलीत चूल मांडली आणि पहिल्या दिवशीची भाकर टोपल्यात टाकली तेव्हाच सांगून टाकलं, “आता मी जाऊबाईच्या चुलीपाशी उकिडवी बसाले जानार नाई. तुमची नोकरी गेली तर तुमी जा. मी इथंच राहीन.”

“एकटी?”

“चूल हाये न सोबतीले.”

असं दोन्हीकडून बांधलं गेल्यावर दसरा उजाडला.

प्रेसमध्ये अर्धी भागीदारी खुशालराव देशमुखांची होती. वाण्याबामणांना बोलावणं गेलं होतं, तंबू ठोकला होता, पहिल्या गाठीसाठी कापूस ढीग घालून ठेवला होता. मुंबईचे भागीदार गाडीनं येणार म्हणून साहेब त्यांना घ्यायला स्टेशनावर गेला. त्याच रस्त्यानं, पण उलट्या दिशेनं, पुंजाराम आला. भाऊ इंजिनावर कसा बसतो ते पाहायला तो मुद्दाम आला होता, आणि रिकाम्या हातांनी येऊ नये म्हणून डोक्यावर झेंडूचा पेटारा घेऊन आला होता. त्यात एक माळ होती, बैलाच्या मानेएवढी जाड.

“हे तुह्या इंजिनाले,” पुंजाराम म्हणाला. “किती दिस टिकतं ते पाहू.”

“माळ का मी?”

“दोघं बी.”

तेवढ्यात अंतोबांचा निरोप आला, की हजेरीपटावर अंगठा राहिला आहे, आत्ताच्या आत्ता यावं. शाल्यानं सांगून पाठवलं, जाळ लागला आहे, हलता येत नाही. पुन्हा निरोप आला, की अंगठ्यावाचून आजचा दिवस धरला जाणार नाही. शाल्यानं पाणी पाहिलं, काटा पाहिला, भावाला म्हणाला, “हात लावू नको कशाले,” आणि पळत कचेरीत गेला. अंतोबांनी आधी शाई घोटली.

तो परत आला आणि बॉयलरघराच्या दारातच थबकला.

खुशालरावांच्या मातोश्री माणिकबाई इंजिनाची पूजा करायला येऊन बसल्या होत्या. दसऱ्याला हत्यारं पुजायची; घरातली कुऱ्हाड, विळा, तलवार पुजून झाली, आता हे एवढं मोठं हत्यार बिनपूजेचं कसं राहू द्यायचं? आणि पूजा करायची तर वेशीवरच्या मारुतीला करतात तशी, मनापासून. माणिकबाईंनी तेलात कालवलेला शेंदूर दोन्ही हातांनी बॉयलरच्या तोंडाला चोपडला होता. काचेची नळी शेंदरानं लाल झाली होती. तबकडी लाल झाली होती. काटा कुठं, रेघ कुठली, काही उरलं नव्हतं. आणि डोक्यावरचा तो दांडा खुंटीसारखा पुढं आलेला असल्यामुळं माळ अडकवायला पुंजारामला तोच सोयीचा वाटला होता. माळेच्या मध्ये माणिकबाईंचं पाच नारळांचं तोरण लोंबत होतं.

चुलीत ओंडके धडधडत होते.

शाल्यानं धोतराच्या सोग्यानं काच पुसली. तापल्या काचेवरचा तेलातला शेंदूर. तो पुसला गेला नाही, नीट सारखा पसरला.

“हां हां, काय करून राहिला बाप्पा?” माणिकबाई म्हणाल्या. “आंगावरचा शेंदूर पुसते का कोनी?”

“मायबाई, मले पानी दिसत नाई.”

“पानी पाहिजे तर घागरीत हाये.”

“आतलं पानी. अन् वरची माळ काढा लागन.”

“माळ काहून काढतो?” पुंजाराम पुढं झाला. “अमरावतीहून मांडीवर घेऊन आनली मी ती.”

“दादा, त्या दांड्यानं वर उठावं लागते. तुह्या माळेनं दाबून ठेवला तो.”

“झेंडूच्या फुलानं लोखंड दबते काय बे?”

“नारळ पाच हायेत त्याच्यात.”

“नारळ देवाचे हायेत,” माणिकबाई म्हणाल्या.

शाल्या खुशालरावांकडे वळला. खुशालरावांनी आईकडे पाहिलं आणि मग बाहेरच्या तंबूकडे पाहत राहिले. तो अंतोबांकडे वळला. ते अंगठ्याचा कागद वाळवत दारात उभे होते. अंतोबा म्हणाले, “पूजेचं साहित्य उतरवण्यास साहेबांची परवानगी लागेल. साहेब स्टेशनावर आहेत.”

“पंत, साहेबानं सांगितलं व्हतं, कोनाले विचारू नको.”

“आग ओढण्याविषयी. तोरणाविषयी काही सांगितलेलं नाही.”

शाल्यानं कान दिला. रोज या वेळेपर्यंत दांडा दोनदा तरी उठून फुसफुसलेला असे. आज पिंप गप्प होतं. आतून मात्र एक बारीक गुणगुण येत होती, ती त्यानं महिनाभरात कधी ऐकली नव्हती. समोर माणिकबाई कापूर लावत होत्या. बाजूला भाऊ हाताची घडी घालून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहाटेची मोट स्पष्ट दिसत होती. आग ओढली आणि ती उगाच ठरली, तर दसऱ्याच्या मुहूर्तावर देवाचा जाळ विझवणारा म्हणून नोकरी तर जाणारच, वर अमरावतीपर्यंत नाव होणार. शकुन अकोल्यात चुलीसोबत राहणार. तो धावेवर.

“अरे, जाऊ द्या बा सगळे खड्ड्यात,” तो मोठ्यानं म्हणाला, चवड्यांवर उभा राहिला आणि माळ नारळांसकट उपसून खाली फेकली.

दांडा ताडकन उठला. जी वाफ बाहेर पडली ती फुसफुस नव्हती. पांढरा लोट कौलांना भिडला आणि असा आवाज झाला, की तंबूतली माणसं तंबूसकट पळाली. खुशालराव कापसाच्या ढिगात शिरले. अंतोबांचा हजेरीपट हातातून गेला. पुंजाराम कुठं गेला ते कळलंच नाही. शाल्यानं लोखंडी आकडा घेतला आणि पेटलेले ओंडके एकेक करून बाहेर ओढले, घागरीतलं पाणी त्यांच्यावर ओतलं, पुरलं नाही म्हणून राख लोटली. घर धुरानं भरून गेलं.

धूर जरा बसला तेव्हा दिसलं, की माणिकबाई जागच्या हलल्या नव्हत्या. हातातलं ताट तसंच होतं. त्या बॉयलरकडे पाहून म्हणाल्या, “एवढं आंगात आलं व्हतं तर आधी सांगता नाई आलं?”

साहेब स्टेशनावरून टोपी हातात धरून धावत आला. त्यानं आधी चूल पाहिली, मग दांडा, मग सुरीनं तबकडीवरचा शेंदूर खरवडला. एवढी वाफ निघून गेल्यावरही काटा अजून लाल रेघेच्या पलीकडे होता. मग त्यानं काच खरवडली. पाणी दोन दोऱ्यांच्या बरोबर मध्ये होतं.

शाल्यानं ते पाणी पाहिलं आणि त्याला रडू यायचं बाकी राहिलं. महिनाभर जीव टाकून सांभाळलं, ते आजच एवढं शहाण्यासारखं वागायचं होतं.

अंतोबांना नेमका हजेरीपट सापडला होता. ते म्हणाले, “पाणी योग्य होतं. तेव्हा नियमाप्रमाणे आग उगाच ओढली, असं होतं.” आणि तेच साहेबाला इंग्रजीत सांगितलं.

साहेबानं खाली पडलेलं तोरण उचललं. एका हातात पाच नारळ आणि दुसऱ्या हातात दांड्याचं वजन धरून तो थोडा वेळ उभा राहिला. दोन्ही हात जवळजवळ सारखेच खाली गेले. मग शाल्याकडे वळून त्यानं स्वतःच्या चार शब्दांतले तीन वापरून विचारलं, “पाणी दिसत होता?”

“नाई साहेब. काईच दिसत नव्हतं.”

साहेबानं अंतोबांच्या हातातून पट घेतला आणि शाल्याच्या अंगठ्यापुढं सही केली. अंतोबांची आठी जराही मोडली नाही, पण नोकरी पक्की झाली.

पहिली गाठ दुसऱ्या दिवशी दाबली. त्याआधी माणिकबाईंनी अट घातली, की शेंदूर लागलेलं अंग असं खरवडून ठेवता येणार नाही, देवाला जागा पाहिजे. शाल्यानं पंपाच्या विहिरीवरून एक गोल दगड आणला, बॉयलरघराच्या दाराबाहेर मांडला आणि म्हणाला, “मायबाई, इंजिन याच्यात हाये. इथं किती बी लावा.” दगडावर त्या दिवशी पावशेर शेंदूर गेला.

पुंजाराम संध्याकाळी सापडला, स्टेशनावर. परतीच्या गाडीची वाट पाहत पेटाऱ्यावर बसला होता. शाल्या त्याच्याजवळ जाऊन बसला.

“मंग तू येत नाई,” पुंजाराम म्हणाला.

“नाई.”

“नोकरी लागली.”

“लागली.”

पुंजारामनं पेटाऱ्यातला एक चुरगळलेला झेंडू काढला, वास घेतला आणि फेकून दिला. “म्हंजे पहाटेची मोट आता माह्याच गळ्यात.”

शाल्याला त्यावर बोलायला पुष्कळ होतं. वयाच्या बाराव्या वर्षापासून साठवलेलं होतं. पण एक शब्द बोलायचा नाही असं बाजारात कबूल करून बसला होता, आणि आता गंमत अशी, की न बोलण्यातच त्याला जास्त सुख वाटत होतं. तो एवढंच म्हणाला, “कोपऱ्यातल्या मेथीवर नजर ठेव, दादा.”

पुंजारामनं त्याच्याकडे असं पाहिलं की गाडी आली नसती तर दोघांची तिथंच जुंपली असती.

पुढं दर दसऱ्याला अमरावतीहून रेल्वेनं माळ येत गेली, तेवढीच जाड. ती दगडावर चढे. माणिकबाई ऐंशीच्या पुढं जगल्या, आणि दर वर्षी दगडाची पूजा झाली की शेंदराची वाटी घेऊन त्यांची नजर एकदा तरी बॉयलरघराच्या दारातून आत जाई. आत शालिकरामजी काच पाठीशी घालून उभे असत, हातात ओलं फडकं घेऊन.

“नाई रे बाप्पा, नुस्तं पाहून रायली,” माणिकबाई म्हणत.

“पाहा मायबाई,” शालिकरामजी म्हणत, आणि दांड्यावरचा हात काढत नसत.